गरीब, परागंदा आणि वतन : कन्हानकाठच्या स्थलांतरांतील दुःखाचा इतिहास

मराठीत 'गरीब' हा शब्द ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्यासाठी वापरतात. कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशा निरुपद्रवी माणसालाही 'स्वभावाने गरीब' म्हणण्याची रीत आहे. मूळ अरबीत मात्र ग़रीब म्हणजे परका, आपल्या ठिकाणापासून दूर आलेला. उर्दूने हे दोन्ही अर्थ सांभाळले. उर्दूतील 'ग़ुरबत' म्हणजे दारिद्र्यही आणि परमुलखातले वास्तव्यही. मराठीत येताना परकेपणाचा अर्थ गळून पडला आणि निर्धनता व मवाळपणा तेवढा शिल्लक राहिला. परमुलखात माणूस निर्धन होतो आणि आवाज खाली ठेवायला शिकतो, हा अनुभव या अर्थबदलात साठलेला असावा, असे मानायला जागा आहे.

'वतन' या शब्दाचा प्रवासही असाच बोधक आहे. उर्दूत वतन म्हणजे जन्मभूमी. दख्खनच्या मराठी कागदपत्रांत वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांसारखा वंशपरंपरागत हक्क. वरवर पाहता हे अर्थ दूरचे वाटतात, पण दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: ज्या ठिकाणी आपल्या नावाला वजन असते ते ठिकाण. गावात जमीन कसणाऱ्यांतही मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदार दुष्काळात किंवा लढाईत परागंदा झाला (परागंदा हा शब्दही फारसी, मूळ अर्थ विखुरलेला), तरी त्याचा हक्क दीर्घकाळ जिवंत मानला जाई. वर्षांनी परत येऊन त्याने तो मागितला, तर गाव साक्ष देई आणि महजर होई. उपरी मात्र कितीही वर्षे राबला तरी उपरीच.

स्थलांतरिताच्या दुःखाचा विचार करताना घराची, मातीची, अन्नाची आठवण यांवरच भर दिला जातो. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. 'हा अमक्याचा, याला मी ओळखतो' असे सांगणारा माणूस भोवती न उरणे हे त्या दुःखाचे मर्म आहे. कन्हान नदीच्या काठाने, सौंसर तालुक्यापासून कामठीपर्यंत झालेली स्थलांतरे या दृष्टीने तपासली तर असे दिसते की जिथे नव्या ठिकाणी साक्ष देणारी व्यवस्था उभी राहिली तिथे दुःख सोसण्याजोगे झाले. जिथे अंतराने नव्हे तर कागदाने माणसे तोडली, तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या मुरत गेले.

पाश्चात्त्य वैद्यकाने या दुःखाची दखल बरीच जुनी घेतली आहे. १६८८ मध्ये बाझेल येथे योहानेस होफर याने परदेशी चाकरीतील स्विस लोकांच्या घरओढीला 'नोस्टाल्जिया' असे नाव देऊन तिची गणना रोगांत केली. फ्रॉइडने १९१७ च्या आपल्या निबंधात शोकाच्या कारणांमध्ये प्रिय व्यक्तीच्या मृत्यूबरोबरच देश गमावण्याचाही उल्लेख केला. पुढे मॉरिस आयझेनब्रुख यांनी कंबोडियन निर्वासितांच्या अभ्यासातून 'सांस्कृतिक वियोग' ही कल्पना मांडली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे लंडनमध्ये नावारूपाला आलेले मानसोपचारतज्ज्ञ दिनेश भुग्रा यांनी ती स्थलांतरितांच्या मनःस्वास्थ्याच्या संदर्भात विस्ताराने वापरली. बार्सिलोनाचे होसेबा अचोतेगी यांनी तर स्थलांतरिताच्या सात वियोगांची यादीच केली: आप्त, भाषा, संस्कृती, भूमी, सामाजिक स्थान, आपला समूह आणि देहाची सुरक्षितता. यादी उपयुक्त आहे. तथापि ती एका माणसाच्या एका प्रवासाची आहे. एखादा समाज तीन-चार पिढ्या 'आलेला'च राहतो तेव्हा काय होते, हे तिच्यात सापडत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

इस्लामी परंपरेत स्थलांतर ही कालगणनेची सुरुवात आहे. इसवी सन ६२२ ची हिजरत सामान्यतः विजयाच्या दिशेने टाकलेले पाऊल म्हणून सांगितली जाते. 'सहीह बुखारी'त हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक नोंद मात्र वेगळे चित्र दाखवते. मदीनेत पोहोचल्यावर हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने आजारी पडले. ताप उतरू लागला की बिलाल मक्केच्या खोऱ्यातील गवताची, झुडपांची आणि पाणवठ्यांची आठवण काढणारी कविता म्हणत. ज्या मक्केत त्यांना तापलेल्या वाळूत छळले गेले होते, त्याच मक्केचे गवत त्यांना आठवत होते. यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना दोष दिला नाही, मदीना आम्हांला मक्केइतकीच किंवा तिच्याहून अधिक प्रिय कर, अशी दुआ केली. त्याच सुमारास मुहाजिर आणि अन्सार यांच्यात 'मुआख़ात' म्हणजे बंधुत्व जोडले गेले. एकेका मुहाजिराला एकेक अन्सारी भाऊ मिळाला, आणि आरंभी हे नाते वारसाहक्कापर्यंत धरले गेले होते. केवळ सहानुभूतीवर न थांबता परक्याला घराच्या हिशेबात धरण्याची ही व्यवस्था होती. 'अन्सारी' या नावाशी पुढे या लेखात पुन्हा गाठ पडणार आहे.

देवगडपासून खाली

कन्हान छिंदवाड्याच्या डोंगरात उगम पावते, सौंसर तालुक्यातून खाली उतरते आणि सावनेर तालुक्यातून कामठीकडे जाते. सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर सौंसर तालुक्यातील बोरगाव आहे. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके आता २०२३ मध्ये निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतात. सातपुड्याच्या पठाराखालचा हा पट्टा कापसाचा आणि संत्र्याचा. घरची बोली मराठी, शाळेची व कचेरीची भाषा हिंदी.

हा पट्टा रिकामा कधीच नव्हता. गोंडांची वस्ती येथे सर्वांत जुनी. पण नांगराखाली आलेल्या जमिनीचा मोठा भाग बाहेरून आलेल्यांनी कसला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने औरंगजेबाच्या दरबारी इस्लाम स्वीकारला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. त्याने शेतकरी, कारागीर, व्यापारी यांना दूरदूरहून बोलावून आणले, असे रिचर्ड जेन्किन्सच्या १८२७ च्या अहवालापासून सर्वच जुनी साधने सांगतात. म्हणजे या प्रदेशाचा पाया पाहुण्यांना जागा देण्यावर रचलेला आहे. भोसल्यांच्या काळात मराठी बोलणाऱ्यांची वस्ती आणखी वाढली.

या आलेल्यांपैकी भोयर-पवार समाज लक्षात घेण्याजोगा आहे. आपले पूर्वज माळव्यातील धारानगरीहून आले, ही त्यांची परंपरा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात (१९०८) त्यांची भोयरी बोली माळवीच्या खात्यात टाकलेली आहे. आजूबाजूच्या मराठीने ती पुरती बदलली, तरी तिचा माळवी कणा मोडला नाही. राजा भोजाशी जोडलेल्या वंशकथा ऐतिहासिक कसोटीला कितपत उतरतात हा वेगळा प्रश्न आहे. येथे महत्त्वाचे असे, की या समाजाची कुळे लिहून ठेवणारे भाट होते. तुझे गोत्र हे, तुझे मूळ अमुक, असे सांगणारा माणूस पोथी घेऊन दारी येत असे. जमीन गेली तरी साक्षीदार गेला नव्हता. शेकडो वर्षांनंतरही 'धार' हे नाव त्यांच्या बोलण्यात दुखऱ्या आवाजात येत नाही, अभिमानाने येते, याचे एक कारण हे असावे.

पलटण आणि माग

कामठी हे गाव खऱ्या अर्थाने वसले ते १८२१ मध्ये इंग्रजांनी तेथे छावणी टाकल्यावर. या छावणीत दीर्घकाळ मद्रास फौजेच्या पलटणी असत. त्यांच्यामागोमाग तमिळ, तेलुगू आणि दक्खिनी बोलणारी कुटुंबे कन्हानच्या काठी आली. त्यांत मुसलमान शिपायांची घरेही होती. पलटण बदलली की काही घरे तिच्याबरोबर गेली, काही राहिली. राहिलेल्यांना ना मागचे गाव उरले, ना पुढचे.

दुसरा मोठा ओघ विणकरांचा. आझमगड, मऊ, मुबारकपूर, बनारस, अलाहाबाद या पूर्वेकडील भागात विलायती सूत आणि कापड यांनी हातमागाचे कंबरडे मोडले होते. १८५७ च्या उठावानंतरच्या दडपशाहीने आणि दुष्काळांनी त्यात भर घातली. तेथून विणकर निघाले ते बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी, मुंबईचे मदनपुरा आणि इकडे कामठी-नागपूर या ठिकाणी स्थिरावले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला, त्यामुळे ही वाट सोपी झाली. नागपूरचा मोमिनपुरा याच येण्याची नाममुद्रा आहे.

या विणकरांना निव्वळ पळून आलेले, असहाय लोक मानण्याची चूक पुष्कळदा होते. डग्लस हेन्स आणि तीर्थंकर रॉय यांनी दाखवून दिले आहे की विणकरांचे फिरणे हे इंग्रजी अमलापूर्वीपासूनचे होते. ते ओळखीच्या साखळीतून आणि बाजाराचा अंदाज घेऊन होत असे. आधी एक भाऊ जाई, माग बसवी, मग मेहुण्याला बोलावी. हे मान्य केले तरी दुःखाचा प्रश्न सुटत नाही. जाणीवपूर्वक निघालेल्या माणसालाही मागे राहिलेली आई असतेच.

दुःखाचा मोठा वाटा स्त्रियांकडे गेला. पूर्वांचलातील बिरहा आणि 'बिदेसिया' परंपरा परदेशी गेलेल्या नवऱ्याच्या बायकोच्या तोंडून बोलते. भिखारी ठाकूर (१८८७-१९७१) यांनी तिला रंगभूमीवर आणले. मराठीत या जागी जात्यावरची ओवी आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, त्यांत माहेराच्या ओव्यांचा भरणा किती, हे पाहिले म्हणजे एक गोष्ट उमगते. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे ४५ कोटी अंतर्गत स्थलांतरित मोजले आणि त्यांतील स्त्रियांच्या बाबतीत लग्न हेच प्रमुख कारण ठरले. म्हणजे या देशातील सर्वांत मोठे स्थलांतर उंबरठ्यावरून उंबरठ्यावर होते. त्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही, एवढेच. मऊहून कामठीला आलेल्या विणकराच्या बायकोच्या वाट्याला ही दोन्ही स्थलांतरे आली. घरात पूर्वी बोली, मुलांच्या शिक्षणाची भाषा उर्दू आणि बाजारात मराठी, अशा तीन भाषांच्या कात्रीत तिला संसार करावा लागला. तिच्या दुःखाची नोंद कोणत्याही गॅझेटियरात नाही.

पुरुषांचे दुःख निराळे होते. आपल्या कसब्यात नक्षीदार वस्त्र विणणारा कारागीर नव्या गावात बाजाराला हवे ते विणू लागला. मालेगाव, भिवंडी आणि कामठीच्या मागांवर मराठी बायकांची लुगडी निघू लागली. ज्यांची भाषा धड कळत नाही त्यांच्या आवडीचा रंग, काठ, लांबी त्याने बोटांनी शिकून घेतली. हे परक्याने दिलेले उत्तर होते आणि ते उत्तम होते. पण नाव मात्र खालावले. 'जुलाहा' हा शब्द उत्तर हिंदुस्थानात हिणवण्यासाठी वापरला जाई. दक्षिणेत आल्यावर त्याला 'परदेशी'ची जोड मिळाली. महाराष्ट्रात परदेशी हे आडनाव लावणारी घराणी आजही आहेत. कितव्या पिढीला माणूस देशी होतो, याचे उत्तर त्या आडनावात नाही.

विणकरांनी याला जे उत्तर दिले ते इतिहासदृष्ट्या फार मोलाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी 'मोमीन' आणि 'अन्सारी' ही नावे आग्रहाने घेतली. अन्सारी हे नाव मदीनेतील यजमान हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्याशी जोडले जाते. वंशावळीचा पुरावा शोधत बसण्यापेक्षा निवड पाहावी: घरदार सोडून आलेल्यांनी स्वतःला मुहाजिर म्हणवले नाही, मुहाजिरांना आसरा देणाऱ्यांचे नाव घेतले. १९२० च्या दशकात कलकत्त्यात आकाराला आलेल्या मोमीन चळवळीचे प्रवर्तक अली हुसैन आसिम बिहारी हे स्वतः बिहार शरीफहून पोटासाठी कलकत्त्याला गेलेले होते, हा योगायोग नव्हे.

नावाबरोबर व्यवस्थाही आली. बनारसच्या विणकरांत मोहल्ल्यांच्या पंचायती होत्या, त्यांचे सरदार होते. नव्या गावी तसाच सरदार नेमला गेला. लग्न, मयत, भांडण, उधारी यांत तो साक्षीदार. मशीद, मदरसा आणि पुढे उर्दू शाळा व वाचनालये निघाली. मालेगावात मागांची सुट्टी शुक्रवारी असते, ही बाब किरकोळ वाटेल, पण आठवड्याचा दिवस आपला करून घेणे म्हणजे गाव आपले करून घेणेच होय. या पंचायतींनी माणसांना जखडलेही, स्त्रियांना तर फारच. ती बाजू झाकण्याचे कारण नाही. तरी परगावी मेलेल्या माणसाच्या जनाजाला खांदा कोण देणार, या भीतीतून तिने समाजाला सोडवले.

वेड्यांचे इस्पितळ आणि वाकी

ज्यांना अशी व्यवस्था मिळाली नाही त्यांचे काय झाले? याचे उत्तर अंशतः कायद्यात सापडते. १८५८ च्या छत्तिसाव्या कायद्याने ठिकठिकाणी वेड्यांची इस्पितळे काढण्याची तरतूद केली आणि मोकाट भटकणाऱ्या, वेडसर वाटणाऱ्या माणसाला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचे काम पोलिसांकडे दिले. ज्याची ओळख सांगायला कुणी नाही, जो रस्त्यावर आहे, ज्याची भाषा शिपायाला कळत नाही, असा माणूस या कलमाच्या तोंडी सहज सापडे. भटकणे आणि वेड यांच्यातील रेषा कायद्यानेच पुसट केली.

या पार्श्वभूमीवर हजरत बाबा ताजुद्दीन यांचे चरित्र भक्तीच्या बाहेर जाऊनही वाचता येते. त्यांचा जन्म १८६१ मध्ये कामठीत, मद्रास पलटणीशी निगडित घराण्यात झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. काही काळ त्यांनी पलटणीत चाकरी केली, ती सोडली, कामठीत ते विमनस्कपणे हिंडू लागले आणि लोक त्यांना वेडा म्हणू लागले. १८९२ मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. तेथे ते सुमारे सोळा वर्षे होते. त्याच इस्पितळाच्या दाराशी त्यांच्या दर्शनाला रीघ लागे. १९०८ मध्ये नागपूरकर राजे रघूजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ताजबागेतील दर्गा सर्वश्रुत आहे.

त्यांच्या आयुष्यातील काही काळ सावनेर तालुक्यातील वाकी येथे, कन्हानच्या काठी, काशिनाथ पाटलांच्या आश्रयाने गेला. परंपरा सांगते की बाबांनी तेथे एका झाडाखालच्या जागेला 'शिफाखाना' म्हटले, दुसरीला 'मदरसा', आणखी एकीला 'मशीद'. आजाऱ्याला शिफाखान्यात, परीक्षेची चिंता घेऊन आलेल्या मुलाला मदरशात जाऊन बसायला सांगत. इमारत नव्हती. होती ती केवळ नावे आणि झाडे. ज्याने स्वतः सोळा वर्षे सरकारी इस्पितळात काढली त्याने उघड्यावर दुसरे इस्पितळ मांडले. येथे रुग्णाला घरच्यांपासून तोडले जात नव्हते. ते त्याच्याबरोबर मुक्काम करत. यजमान हिंदू पाटील, बाबा पलटणीच्या वस्तीतले मुसलमान, आणि येणारे कामठीचे, नागपूरचे, डोंगरावरचेही. आलेल्याला बसायला एक नेमकी जागा मिळत होती. अनोळखी माणसाच्या मनाला त्याची किंमत किती, हे आधुनिक मानसशास्त्र आता आपल्या भाषेत सांगते.

अशा ठिकाणांचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो हेही खरे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. श्रद्धेच्या नावाखाली चाललेला तो कोंडवाडाच होता. वाकीतील झाडाखालची जागा आणि एरवाडीची साखळी यांत फरक आहे, तो औषधाचा नसून माणसाला मोकळे ठेवण्याचा आहे. औषध दोन्हीकडे हवेच होते.

कागदाने तुटलेले

१९४७ नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडातून काही मुसलमान कुटुंबे पाकिस्तानात गेली. पंजाबसारखे रक्तपाताचे लोंढे इकडे नव्हते. कुणी नोकरीच्या आशेने गेले, कुणी भीतीने, कुणी भाऊ गेला म्हणून. बरेचजण थोड्या दिवसांसाठी जातो असे सांगून गेले. जुलै १९४८ मध्ये परमिट लागू झाले, १९५२ मध्ये पासपोर्ट आला, आणि १९५० च्या निर्वासित मालमत्ता कायद्याने गेलेल्याच्या घरावर सरकारी ताबा येऊ लागला. वर उल्लेखिलेली मिरासदाराची रीत आठवावी: परागंदा झालेला परत येईल, गाव साक्ष देईल. आता गावाची साक्ष कुचकामी ठरली. मुलगा कराचीत आणि आई कामठीत, दोघेही जिवंत, आणि भेट मात्र व्हिसावर. अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी माणूस जिवंत असून हरवलेला असण्याच्या या अवस्थेला 'संदिग्ध वियोग' म्हटले आहे. मेलेल्याचा चाळिसावा होतो. न मेलेल्याचा कसा करायचा?

कराचीत 'सी. पी. अँड बेरार' या नावाची एक गृहनिर्माण सोसायटी आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत १९५० मध्ये नावाने आणि १९५६ मध्ये नकाशावरूनही गेला. नागपूर, अमरावती, जबलपूर यांना एकत्र बांधणारे ते नाव हिंदुस्थानात इतिहासाच्या पुस्तकापुरते उरले. समुद्रकाठच्या एका परक्या शहरात ते पत्ता म्हणून चालू राहिले. पवारांच्या 'धार'सारखेच हे. फरक इतकाच, की धारेचा भाट सीमा ओलांडून येऊ शकत होता.

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस सौंसर-पांढुर्ण्यासाठी वेगळ्या प्रकारे निर्णायक ठरला. फझल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचवले होते. प्रत्यक्षात जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडले गेले. छिंदवाडा जिल्हा हिंदी भागात, म्हणून सौंसर तालुकाही तिकडेच राहिला. नागपूर राजधानी असताना हा तालुका राजधानीच्या अंगणात होता. कचेरी, कॉलेज, दवाखाना, सोयरीक, सारे नागपूरला. एका दिवसात राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. नागपूरचे इतवारी स्थानक आणि छिंदवाडा यांमधील छोटी रेल्वे सौंसरवरून २०१५ पर्यंत धावत होती, माणसे तिने नागपूरला जातच राहिली. पण आता ती दुसऱ्या राज्यात जात होती. येथे कुणी घर सोडले नाही. सीमा उठून घरामागे जाऊन बसली. शाळेतील पाटी बदलली, अर्जाची भाषा बदलली, आजोबांचे मराठी दस्तऐवज नातवाच्या अभ्यासक्रमाबाहेर गेले. नागपूरला गेल्यावर 'तुम्ही एमपीवाले' आणि छिंदवाड्याला गेल्यावर 'तुम लोग तो मराठी'. स्थलांतर न करता स्थलांतरिताचे दुःख कसे भोगावे लागते, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरीकडे क्वचित मिळेल. या पट्ट्यातील मुसलमानांवर तर दुहेरी ओझे पडले. त्यांची उर्दू हिंदीत जमा धरली गेली आणि त्यांची मराठी कुणी मोजलीच नाही.

पुढे बोरगावला औद्योगिक क्षेत्र झाले आणि कामासाठी लोक येऊ लागले. राज्याची सीमा तेथून हाकेच्या अंतरावर आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात एक विलक्षण कलम होते. ठेकेदारामार्फत परराज्यात नेलेल्या कामगाराला 'विस्थापन भत्ता' द्यावा, महिन्याच्या पगाराच्या निम्मा किंवा ७५ रुपये, जे अधिक असेल ते. घर सोडण्याच्या दुःखाला हिशेबाच्या वहीत जागा देणारे असे दुसरे कलम शोधून सापडणे कठीण. पण त्याचा काटा राज्याच्या सीमेवर बसवलेला होता. सावनेरचा मराठी मजूर ठेकेदाराबरोबर काही कोस ओलांडून बोरगावला आला तर तो कायद्याने आंतरराज्य स्थलांतरित. आपल्याच बोलीत बोलत, संध्याकाळी घरी परतू शकणारा. झाबुआचा भिल्ल किंवा रेव्याकडचा बघेली बोलणारा मजूर शेकडो मैल ओलांडून आला, त्याची बोली येथे कुणाला कळत नसली, तरी तो राज्यातल्या राज्यातच फिरलेला. त्याला भत्ता नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत या दुसऱ्या प्रकारच्या मजुरांचे भाईबंद परराज्यांतून पायी निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून निघालेले, मध्य प्रदेशच्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले होते. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्याच वर्षी संसदेने कामगारविषयक नवी संहिता संमत केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि १९७९ चा कायदा संपला. नव्या संहितेत घरी जाण्याच्या प्रवासखर्चाची तरतूद आहे. विस्थापन भत्त्याचे कलम वगळलेले आहे.